परदेशी सिनेमा उशिरा का पोहोचतो?

वाचकहो, परदेशात गाजलेला सिनेमा आपल्या थिएटरात यायला इतका वेळ का लागतो, असा प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. मोठे इंग्रजी सिनेमे आता बहुधा एकाच सुमारास जगभर लागतात, तरी हा प्रश्न संपलेला नाही. उशिरामागे बहुतेक वेळा व्यापाराचा हिशेब असतो. तो आपण समजून घेऊ या.

'ज्युरासिक पार्क' अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला, आपल्याकडे एप्रिल १९९४ मध्ये. 'टायटॅनिक' तिकडे डिसेंबर १९९७ मध्ये आला, इकडे मार्च १९९८ मध्ये. तेव्हा सिनेमा रिळांवर असे. एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागे. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाची एक प्रिंट साडेतेरा हजार फुटांची, चार किलोमीटरहून लांब! अशा प्रिंटा काढायच्या, पेट्यांत भरून पाठवायच्या, हा सगळा खर्च. म्हणून कंपन्या आधी आपल्या देशात सिनेमा चालतो का ते पाहत आणि मगच बाहेर पैसा घालत. एका देशात चालून मोकळ्या झालेल्या प्रिंटा दुसऱ्या देशात पाठवण्याचीही रीत होती.

त्यानंतर येते सेन्सॉर. परदेशी सिनेमालाही आपल्या मंडळाचे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या भाषेत आवाज भरला, म्हणजे डबिंग केले, तर त्या भाषेसाठी वेगळे प्रमाणपत्र. शिवाय सुट्ट्या, सण, परीक्षा पाहूनच वितरक तारीख ठरवतो.

'ज्युरासिक पार्क' हिंदीतही आला आणि इंग्रजी न येणारी माणसे कुटुंबासह थिएटरात गेली. या माणसांच्या तिकिटातूनही गल्ला भरतो, हे कंपन्यांना तेव्हा कळले. पुढे मे २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन ३' अमेरिकेबरोबर त्याच दिवशी आपल्याकडे लागला, आणि तोही इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू व भोजपुरीत. उशीर झाला की चोरटी सीडी आधी बाजारात येते, ही धास्तीही कंपन्यांना होतीच. नंतर रिळे गेली, डिजिटल आले, आणि प्रिंटांचा खर्च गेला.

मग आजही काही सिनेमे मागे का राहतात? कोरियाचा 'पॅरासाइट' घ्या. गरीब कुटुंब श्रीमंताच्या घरात कामाला शिरते, त्याची ही गोष्ट. मे २०१९ मध्ये तो कोरियात लागला आणि त्याच महिन्यात त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तो ३१ जानेवारी २०२० रोजी आला, ऑस्करची चर्चा रंगात असताना. ज्याच्यामागे मोठी जाहिरात नाही, अशा सिनेमाचा वितरक पारितोषिकाची वाट पाहतो, कारण तीच त्याची फुकट जाहिरात.

कधी कारण पैशापलीकडचेही असते. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा 'ओपेनहायमर' २१ जुलै २०२३ रोजी अमेरिकेत आणि आपल्याकडे एकाच दिवशी लागला. जपानमध्ये मात्र तो २९ मार्च २०२४ रोजी आला. ज्या देशात ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळाली, तिथे हा सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. चीनमध्ये तर परदेशी सिनेमांच्या संख्येवर सरकारचेच बंधन आहे. आपला 'दंगल' डिसेंबर २०१६ चा, तिथे पोहोचला मे २०१७ मध्ये. पण पोहोचल्यावर तिथल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. जिथे प्रेक्षक आहे अशी व्यापाऱ्याची खात्री पटते, तिथे सिनेमा लवकर आणि त्याच्या भाषेत जातो. मराठीत आवाज भरलेला परदेशी सिनेमा थिएटरात आजही क्वचितच दिसतो. आपण हिंदीत भागवून घेतो, असे गृहीत धरले जाते. घरातल्या आजीने आणि लहान मुलाने काय करायचे?

तेव्हा वाचकहो, चांगला परदेशी सिनेमा लागला तर पहिल्याच आठवड्यात जा, कारण तो पुढे ठेवायचा की काढायचा हे थिएटरवाला पहिल्या दोन-चार दिवसांच्या गल्ल्यावरच ठरवतो. तिकीट परवडत नसेल तर सकाळचा स्वस्त खेळ बघा. चोरून उतरवलेला सिनेमा पाहू नका. तो पाहणारा कोणाच्याच हिशेबात येत नाही. आणि तिकीट खिडकीवर एकदा तरी विचारा, "हा सिनेमा मराठीत आहे का?" दहा जणांनी विचारले, तर अकराव्याला उत्तर द्यायची तयारी कोणीतरी करील.