कच्च्या कैद्यांकडे जा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कायद्याच्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, मानवी हक्कांमध्ये इंटर्नशिप करायची आहे. कुठे अर्ज करू?" बहुतेकांच्या मनात दिल्लीतला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग असतो, नाहीतर संयुक्त राष्ट्रांचं एखादं कार्यालय. तिथेही जरूर जावं. पण मी सगळ्यांना सांगते, त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा आणि कच्च्या कैद्यांचं काम मागून घ्या.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. यातल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो, तरी ते आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा हे सगळं परगावाहून आलेल्या बिगारी कामगाराने आणायचं कुठून? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारला गेला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तो निकाल विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात, पण त्यातला गवंडी आजही आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात भेटतो.

इंटर्नने तिथे करायचं काय? भाषण नाही आणि युक्तिवादही नाही, कारण त्याची सनद अजून हाती नसते. कागद वाचायचे. अटकेची तारीख, लावलेली कलमं, कमाल शिक्षा, आधी कधी शिक्षा झाली आहे का, दुसरा खटला चालू आहे का, हे प्रत्येकाचं नीट लिहून काढायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र ठरतो. आधी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकाहून अधिक खटले असतील तरी अडचण येते. म्हणून नोंद चोख हवी. ती तयार झाली की प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील अर्ज करतात. मग गावी फोन लावायचा, कारण आपला माणूस कोणत्या कोर्टात आहे हेसुद्धा बायकोला ठाऊक नसतं. सुटकेचं वचन मात्र कुणालाही द्यायचं नाही आणि त्यांची हकिगत मोबाइलवर फिरवायची नाही.

असल्या कामातूनच मोठे बदल झाले आहेत. बिहारच्या तुरुंगांतल्या बंद्यांविषयी वर्तमानपत्रात वाचून ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या हुसैनारा खातून खटल्यात १९७९ मध्ये जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो आहे.

महाविद्यालयांनाही एक मागणं आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. त्यातले चार आठवडे तुरुंग आणि तालुका न्यायालयासाठी राखून ठेवा आणि विद्यार्थ्याला प्रवासाचे, जेवणाचे पैसे द्या. नाहीतर ज्या घरांतल्या मुलांना कच्च्या कैद्यांची ही परवड जवळून ठाऊक आहे, तीच या कामाबाहेर राहतील.

कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने तो दिला आहे. हे त्याला सांगायला कुणीतरी जायला हवं. मुलांनो, यंदाच्या सुट्टीत तुम्ही जा.