डळमळीत मतांचा हिशेब

निवडणूक जाहीर झाली की लालबाग-परळच्या उरल्यासुरल्या चाळींचे जिने एकाएकी प्रतिष्ठेस चढतात. एरवी ज्यांचे दर्शन मोटारीच्या काचेआडूनच घडावयाचे, असे सद्गृहस्थ धापा टाकीत तिसरा मजला गाठतात, उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढतात आणि घरातील वृद्धेच्या पायांना हात लावून तिला ‘आई’ म्हणतात. ज्या घराचे मत पक्के ठाऊक आहे, तेथे केवळ चिठ्ठी पोहोचते; जे घर हाताबाहेरचे आहे, त्याच्या दारावरून नमस्कार करून पुढे जावयाचे असते; चहा घ्यावयाचा तो डळमळीत मताच्या घरी. चाळीतल्या माणसालाही हे पुरते अवगत असल्यामुळे तो आपले मत सहसा पक्के होऊ देत नाही, निदान झाले असल्याचा पुकारा करीत नाही. ‘बघू की साहेब, अजून वेळ आहे,’ हे त्याचे ठरलेले उत्तर मला आजवरच्या बहुतेक जाहीरनाम्यांहून अधिक विचारपूर्वक तयार केलेले वाटते.

येथील कापडगिरण्यांची धुराडी पेटती होती, तेव्हा ही वाटाघाट घाऊक चाले. एका गावचे वीस-पंचवीस गडी गावकीच्या एकाच खोलीत पाळीपाळीने राहत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर पडे. प्रत्येकाची पत्र्याची पेटी भिंतीशी आणि जेवण खानावळवालीकडे. उमेदवाराचा मध्यस्थ या गड्यांना एकेकटे गाठण्याच्या भानगडीत पडत नसे, गावकीच्या कारभाऱ्याशी मसलत करी. कारभारी देवळाच्या कळसाची किंवा भजनी मंडळाच्या पखवाजाची गोष्ट काढी, सर्वांचे ऐकून घेई आणि कोणासही नकार देत नसे. मात्र कारभाऱ्याने हुंकार भरला म्हणजे खोली विकली गेली, असे समजणारा उमेदवार कच्चा. कारण त्या गड्यावर गावकीखेरीज आणखी तिघांचा हक्क होता. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे, म्हणजे काँग्रेसच्या छायेतील राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असे. तेव्हा कज्जा घेऊन जाण्याची वाट संघाच्या दारावरून, सभेला गर्दी लाल बावट्याच्या, आणि पुढे पुढे गल्लीतले मंडळ शिवसेनेचे, अशी त्याच्या निष्ठांची वाटणी झालेली होती.

या वाटणीचा परिणाम पाहावयाचा तर परळकडे पाहावे. 1967 साली परळने कॉम्रेड कृष्णा देसाई यांना विधानसभेत धाडले. 1970 साली त्यांची हत्या झाली आणि पोटनिवडणुकीस त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या असता त्याच परळने, दोन हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने का होईना, वामनराव महाडिक यांना शिवसेनेचे पहिले आमदार केले. पंडितांनी याला कामगारांची चंचलता म्हटले. मला ते मान्य नाही. बोनसचा हिशेब एका वहीत आणि शिकलेल्या, पण नोकरी नसलेल्या मुलाचा हिशेब दुसऱ्या वहीत, असे त्या माणसाचे चोख दप्तर होते. कोणत्या वेळी कोणती वही उघडावयाची, एवढेच तो स्वतःच्या अखत्यारीत राखून होता.

आणि एकदा त्याने दोन्ही वह्या मिटून ठेवल्या. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. 1984 च्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली, तेव्हा तो संप मोडून पडला होता, घरातली भांडी गहाण पडली होती आणि कित्येक कुटुंबे गावी परतली होती. देशभर काँग्रेसला चारशेवर जागा देणाऱ्या त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने, जो पुढारी संप जिंकून देऊ शकला नव्हता, त्याच सामंतांना निवडून दिले. यात मतदाराचा कवडीचा लाभ नव्हता, आणि मते तोलून घेणाऱ्यांच्या तराजूत हे मत बसत नाही म्हणूनच की काय, उमेदवारांच्या मसलतीत त्याचा उल्लेख क्वचित होतो. 1989 मध्ये मात्र वही पुन्हा उघडली, आणि तेथून वामनराव महाडिक लोकसभेत गेले.

आता गिरण्यांच्या आवारात मॉल उभे आहेत, आणि कामगाराचा मुलगा त्यांपैकी एखाद्याच्या दारावर गणवेश घालून उभा असतो. डळमळीत मतही घरातल्या बाईकडे सरकले आहे, असे पक्षांनी ताडले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा पंधराशे रुपये एकवीसशे करण्याचे वचन एका आघाडीने दिले, तर दुसरीने तीन हजारांची बोली लावली. कामगाराच्या घराचा हिशेब मात्र वेगळ्याच वहीत राहिला: गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला ही घरे देण्याचा घाट शासनाने घातला, तेव्हा ‘आमची हाडे मुंबईत झिजली, घरही मुंबईतच द्या’ असा कामगारांचा आग्रह राहिला.

त्याच निवडणुकीत माझ्या ओळखीच्या एका घरी उमेदवार आले असता सून म्हणाली, ‘पंधराशे येतात, त्याला कशाला नावं ठेवू? पण आमच्या मामंजींचा घराचा अर्ज कुठल्या दप्तरात पडलाय, तेवढं सांगा.’ साहेबांनी मागे पाहिले, सहायकाने वही काढून नाव आणि अर्जाचा क्रमांक विचारला.

‘परवा ते दुसरे साहेब लिहून घेऊन गेलेत,’ ती कपबशा उचलीत म्हणाली, ‘त्यांच्याकडनंच उतरवून घ्या.’