‘दो ही इज पुअर’चा रट्टा बंद करा

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतलेलं एक वाक्य आहे : ‘दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.’ ‘बट’ घालून ते संयुक्त करा, ‘इन स्पाइट ऑफ’ लावून केवल करा, पुन्हा मिश्र करा. वर सूचना : अर्थ न बदलता.

या वाक्याचा मला संताप येतो. दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत असं धरून चाललं, तरच ‘दो’ लागतो. म्हणजे गरीब माणूस मुळात लबाडच असणार, हे इथे गृहीत धरलेलं आहे. ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्या पोराकडूनही आपण हे तीन-तीन तऱ्हांनी लिहून घेतो आणि वाक्य काय म्हणतंय ते एकदाही विचारत नाही. आता ‘दो’ उचलून दुसऱ्या अर्ध्याला लावा : ‘दो ही इज ऑनेस्ट, ही इज पुअर.’ शब्द तेच, पण संशय माणसावरून उठला आणि त्याला गरीब ठेवणाऱ्यांवर गेला. प्रधान वाक्य कोणतं आणि गौण कोणतं, हे ठरवणं म्हणजे बाजू घेणं आहे. अर्थ बदलत नाही म्हणे!

पोरं चुकतात तीही मठ्ठ म्हणून नव्हे. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतं, म्हणून ‘दो’च्या मागोमाग ‘बट’ येतो. ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस’ यात विचारणाऱ्याचा प्रश्न आपण जसाच्या तसा ठेवतो. म्हणून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’. इंग्रजी तिथे ‘दॅट’ गाळते, प्रश्नाचा क्रम सरळ करते, काळ मागे नेते : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली की चूक कुठून आली ते पोराला दिसतं. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं हा गुन्हा! मराठी वाक्याची घडण उलगडणारं दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीच आलं, तरी इंग्रजीच्या शिक्षकाच्या टेबलावर रेन आणि मार्टिनचं इंग्रजी व्याकरणच. मिश्र वाक्य मराठीच्या तासालाही शिकवतात, त्याच वर्गात, त्याच पोरांना. दोन शिक्षक एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत.

प्रश्नपत्रिकेतून ‘अर्थ न बदलता’ हे शब्द आधी खोडा. ‘दो’ कोणत्या अर्ध्याला लावलास आणि का, एवढंच विचारा. पोराने उत्तर मराठीत लिहिलं, तरी पूर्ण गुण द्या.