कुरवांवरचा संशय

हिवाळा लागला की भाईंदरच्या खाडीवर आणि मिठागरांवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. दूरदेशीच्या या पाखरांबरोबर दूरदेशीचे रोगही येत नसतील ना, ही शंका काही अगदीच निराधार नव्हे. समुद्रपक्ष्यांच्या गोचिडींत विषाणू आढळतात. ओखोत्स्क समुद्रातील त्युलेनी बेटावरच्या गोचिडींत सापडलेला विषाणू तर त्या बेटाच्याच नावाने ओळखला जातो.

तथापि ही गोचीड पक्ष्याच्या अंगावर जन्म काढीत नाही. अल्पकाळ रक्त पिऊन ती गळून पडते आणि घरट्यांलगतच्या कपारीत पुढील विणीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहते. कुरव भाईंदरला येतात ते खाद्यासाठी. त्यांची घरटी फार दूर, उत्तरेकडे असतात. संशयाचे निम्मे बळ येथेच सरते.

असा संशय यापूर्वीही घेतला गेला होता. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला. त्याचे रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराशी नाते दिसताच सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांकडे बोट वळले. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, हजारो पक्षी पकडले, त्यांच्या पायांत वाळे घातले, गोचिडी वेचल्या. आरोप सिद्ध झाला नाही. रोगाचे चक्र तिथल्याच रानातील गोचिडी, माकडे आणि लहान प्राणी यांच्यात फिरत होते. पक्ष्यांच्या स्थलांतराचे मोलाचे ज्ञान मात्र या खटाटोपातून पदरात पडले.

हाच रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. रानात मेलेले माकड ही तेथे धोक्याची पहिली खूण मानली जाते.

मीरा-भाईंदरमध्येही थवे हुसकावण्यापेक्षा अशी नजर ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मिठागरावर मृत पक्षी आढळल्यास तो हाताने न उचलता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावा, त्यांनी त्याची तपासणी करवावी आणि निष्कर्ष नागरिकांना सांगावा, एवढी मागणी महापालिकेकडे करण्यास कोणाची हरकत नसावी. कुरवांना शेव-गाठी टाकण्याचा छंद मात्र आवरलेला बरा. ते तळण त्यांच्या पोटाला मानवणारे नाही.