कुकच्या रोजनिशीचा सोबती

दर्यावर्दी कॅप्टन कुक आज त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचता येतो, याचं मोठं श्रेय न्यूझीलंडचे इतिहासकार जॉन बीगलहोल यांना जातं. १९०१ साली वेलिंग्टनला जन्म, लंडनहून डॉक्टरेट, आणि परतल्यावर ऐन मंदीत ऑकलंडच्या कॉलेजातली नोकरी गेली. कारण सांगितलं काटकसरीचं. पण त्याआधी त्यांनी अध्यापकांच्या मतस्वातंत्र्याच्या बाजूने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं, तेव्हा लोकांनी काय ओळखायचं ते ओळखलं. १९३४ साली पॅसिफिकच्या शोधांवरचं त्यांचं पुस्तक आलं, तरी खरं काम, कुकच्या रोजनिशीचं संपादन, पुढेच होतं. कुकच्या पहिल्या सफरीचा वृत्तान्त १७७३ मध्ये हॉक्सवर्थ नावाच्या लेखकाने सहा हजार पौंड घेऊन सजवला होता: दर्यावर्दीच्या तोंडी स्वतःचे उपदेश, त्यात निसर्गशास्त्रज्ञ बँक्सच्या नोंदींची सरमिसळ. (एवढ्या पैशांत मूळ मजकूर तरी शाबूत ठेवायचा!) बीगलहोल थेट कुकच्या रोजनिशीच्या हस्तलिखितांकडे गेले. कुकचं अशुद्ध स्पेलिंगही त्यांनी तसंच राहू दिलं आणि तळटीपांत वारे, बेटं, माणसं उलगडत नेली. जुनी प्रवासवर्णनं छापणाऱ्या हॅक्लूट सोसायटीने रोजनिशीचे हे जाडजूड खंड १९५५ ते १९६७ या काळात काढले. कुकचं चरित्र मात्र बीगलहोल यांच्या मृत्यूनंतर, १९७४ मध्ये छापून आलं. नायकावर त्यांचा जरा जास्तच जीव होता. बेटांवरच्या लोकांची बाजू त्यांच्याकडे फिकीच पडते. पण आज कुकवर कठोर टीका करणाऱ्या अभ्यासकांनाही पुराव्यासाठी बीगलहोल यांचेच खंड उघडावे लागतात.