कोर्टाचा कागद दारी आला तर

“आम्ही काही गुन्हा केलेला नाही, मग कोर्टात का जावे?” असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. प्रश्न निष्कपट आहे; परंतु त्यापायी राहती घरे गेलेली मी पाहिली आहेत.

एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले होते. शेजाऱ्याने त्यांच्या घराच्या जागेवर हक्क सांगून दिवाणी दावा लावला होता. बेलिफाने आणलेले समन्स त्यांनी सही करून घेतले आणि पोलिसांचा कागद समजून ट्रंकेत ठेवून दिले. पुढे एकतर्फी हुकूमनामा झाला आणि बेलिफ ताबा घेण्यास दारात उभा राहिला, तेव्हा ते वकिलाकडे निघाले.

दिवाणी दाव्यात गुन्ह्याचा प्रश्नच नसतो. वादी व प्रतिवादी यांपैकी कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच न्यायालय पाहते. तेथे गप्प बसणे म्हणजे प्रतिपक्षास रान मोकळे करून देणे होय. समन्साबरोबर दाव्याची नक्कल येते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मग मुद्दे काढले जातात, साक्षीपुरावा व युक्तिवाद होतो. समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही. बेलिफ दारावर नक्कल चिकटवून तसा अहवाल देतो. घरधनी बाहेरगावी असल्यास कुटुंबातील सज्ञान स्त्रीसही समन्स घेता येते, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

फौजदारी खटल्याची रीत निराळी. तेथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर असतो आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाने ती हमी दिली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हे तत्त्व बदललेले नाही. मात्र आरोपीस मौन बाळगता येते, गैरहजर राहता येत नाही. समन्स मिळूनही न येणाऱ्या आरोपीवर, इतकेच काय साक्षीदारावरही, वॉरंट निघू शकते.

त्या गृहस्थांसाठी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज आम्ही केला. त्याची मुदत ३० दिवसांची. शिवाय समन्स पोचले नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, हे दाखवावे लागते. त्यांचीच सही त्यांना आडवी आली. अर्ज फेटाळला गेला.

“वकिलाच्या फीला पैसे नव्हते,” असे ते म्हणाले, याचे मला अधिक दुःख झाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मागता येतो. आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश त्या जातींत झाला आहे. स्त्रियांनाही हाच हक्क आहे. तेव्हा कागद हाती पडताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात तो घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा.