खाटांचा हिशेब आणि परिचारिकेची पदवी

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांत, म्हणजे सर्वपरिचित ‘एम्स’मध्ये, परिचर्या अधिकाऱ्यांच्या भरतीसाठी जी सामाईक परीक्षा होते, तिच्या पात्रतेला दोन दरवाजे आहेत. पहिला पदवीधरांचा. बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आणि परिचर्या परिषदेची नोंदणी असली की तो उघडतो. दुसरा पदविकाधारकांचा. त्यांना जी.एन.एम. आणि नोंदणी यांच्या जोडीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नागपूर शहरात वाचली तर ही अट किरकोळ वाटते. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’च्या आवारात खाटांची वाण नाही. कुहीत वाचली की तिचे वजन कळते. ग्रामीण रुग्णालयाचा मापदंडच मुळी ३० खाटांचा, आणि तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखाने बहुधा त्याहूनही लहान. अशा ठिकाणी दहा वर्षे रात्रपाळ्या केलेल्या, धानाच्या हंगामात सर्पदंशाचे रुग्ण आणि मध्यरात्री आलेली बाळंतीण सांभाळलेल्या परिचारिकेला त्या रकान्यात काहीच लिहिता येत नाही. श्रम खर्ची पडले; जमेच्या बाजूस कोरे पान.

म्हणून पदविकेवरून पदवीकडे नेणारा अभ्यासक्रम हा कुही, मांढळ, वेलतूर या पट्ट्यातील परिचारिकेसाठी हौसेचा विषय राहत नाही. त्या शिक्षणाच्या पायऱ्या मात्र व्यापारी कुटुंबांत फारशा माहीत नसतात. घरातील मुलीला डॉक्टर किंवा सी.ए. करण्याचा विचार होतो, परिचारिका करण्याचा क्वचितच. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, गावोगावच्या उपकेंद्रांतील आरोग्यसेविका त्यातून येतात. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. बारावी विज्ञानानंतर थेट चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग आहेच, पण सोळा-सतराव्या वर्षी घरच्या परिस्थितीने जिने पदविकेची वाट धरली, तिच्यासाठी ‘पोस्ट बेसिक’ ही दोन वर्षांची पदवी. ए.एन.एम.ला या पायरीवर एकदम पाय ठेवता येत नाही, आधी जी.एन.एम. व्हावे लागते.

आपल्या देशात परिचर्येची पदवी सुरू झाली ती १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर येथे. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालाने ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदविले होते. काम करणाऱ्या पदविकाधारकांना पदवी देणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम १९६३ मध्ये त्रिवेंद्रमला सुरू झाला, आणि १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उभे राहिले. दोन्ही नावांत गिरणीमालक ठाकरसी घराणे आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपये दिले, तो काळ १९२० चा. पेढीचा पैसा स्त्रीशिक्षणाकडे वळण्याची ही जुनी वाट आहे. महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालये आज मुख्यत्वे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याची स्थापना १९९८ ची.

दहा वर्षे काम केलेल्या सिस्टरला या दोन वर्षांत नवे काय शिकावयाचे, असा प्रश्न साहजिक आहे. सुई टोचणे, सलाईन लावणे, जखम बांधणे यात तिचा हात नवख्या पदवीधरापेक्षा अधिक सफाईने चालतो. अभ्यासक्रमाचा भर हातावर कमी आणि कारणावर अधिक आहे. पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र हे विषय येतात. शिवाय माता, बालक आणि वैद्यकीय-शल्य परिचर्या यांचा वरच्या स्तरावरील अभ्यास. उपकरणे नुसती उकळू नयेत, हे पदविकेत शिकविलेले असतेच. काही जंतूंचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तग धरून राहतात आणि म्हणून दाबाखालील १२१ अंशांची वाफ लागते, ही कार्यकारणाची साखळी सूक्ष्मजीवशास्त्रात नीट उलगडते. कारण कळलेली परिचारिका वीज गेल्यावर अर्धवट झालेले निर्जंतुकीकरण पुरे मानीत नाही. लहान दवाखान्यात तिच्या हातून टळलेला जंतुसंसर्ग कोणत्याही वहीत नोंदला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरे वर्ष खऱ्या अर्थाने वेगळे. समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, परिचर्या शिक्षण, परिचर्या प्रशासन, आणि संशोधन व संख्याशास्त्र. यांतील प्रशासनाचा विषय व्यापाऱ्याला ओळखीचा वाटेल. औषधांचा साठा, मागणीपत्रक, ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरणे, पाळ्यांचे वाटप, हाताखालच्या माणसांकडून काम घेणे: दुकान चालविण्याची विद्याच ती, केवळ माल वेगळा. सामुदायिक आरोग्य हा विषय तर कुहीसारख्या तालुक्यासाठीच लिहिला असावा. विदर्भात सिकलसेलचा आजार कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. विवाहापूर्वी दोन्हीकडची रक्ततपासणी करा, असे सांगण्यासाठी रोगाचे ज्ञान लागते. ते घरच्या वडीलधाऱ्यांना न दुखावता सांगण्यासाठी समाजशास्त्र लागते. गोसेखुर्द धरणाने विस्थापित झालेली गावे याच तालुक्यात आहेत. गाव हलले की विहीर बदलते, शेजार बदलतो, दवाखान्याचा रस्ताही बदलतो. आजार त्या बदलातूनच वाट काढतात. ते वाचण्याचे शिक्षण पदविकेत थोडके मिळते.

शासनाच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची योजना २०१८ पासून आली, तिनेही पदवीचे मोल वाढविले आहे. मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण आहे. तेथे डॉक्टर नसताना पहिला निर्णय याच अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. परिचर्या विद्यालयातील पाठ्यनिर्देशिकेच्या पदाकडे जाणारी वाटही पदवीवरूनच जाते.

मग अडते कोठे? अभ्यासात नव्हे. अडते ते दोन वर्षांच्या पगारापाशी. नियमित अभ्यासक्रमात रोजची उपस्थिती आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिके सक्तीची. कायम शासकीय सेवेतील अधिपरिचारिकेला अध्ययन रजेचा आधार तरी मागता येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका अकरा महिन्यांच्या करारावर असते. तिला दोन वर्षांची रजा कोण देणार? खाजगी दवाखान्यात तर राजीनामा हाच रजेचा अर्ज. त्यातून कुही नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर. इतवारी-नागभीड मार्गावरील छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, तेव्हा रोज ये-जा करणाऱ्यांचा तो स्वस्त आधारही गेला. वसतिगृहात राहावे तर घरी मुले आणि सासू-सासरे.

नोकरी न सोडता शिकण्याची एक सोय आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९९४ पासून हीच पदवी दूरशिक्षणाने देते, आणि तिला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे. किमान कालावधी तीन वर्षांचा. प्रवेशासाठी परीक्षा, आणि प्रात्यक्षिके ठरवून दिलेल्या केंद्रांत. घरबसल्या मिळणारी पदवी असा तिचा गैरसमज करून घेऊ नये. रजेचे दिवस प्रात्यक्षिकांत जातात आणि रात्रपाळीतील निवांत तास पुस्तकांत. तरीही संसार आणि पगार न मोडता पार पडणारा मार्ग हाच.

समाजाच्या विश्वस्त संस्था शिष्यवृत्त्या देतात, त्यांचे अर्ज बहुधा दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेपासून सुरू होतात. पस्तिशीतील, दोन मुलांच्या परिचारिकेला त्या अर्जात जागा नसते. यंत्रासाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. यंत्र चालविणाऱ्या बाईच्या दोन वर्षांच्या पगाराची भरपाई देणारा निधी मात्र दुर्मीळ आहे. परत येऊन तेथेच तीन वर्षे काम करण्याच्या लेखी हमीवर असा निधी देणे कोणत्याही संस्थेला जमण्यासारखे आहे.

त्याहून लहान आणि बिनखर्चाची बाब अनुभवाच्या दाखल्याची. मुक्त विद्यापीठास नोंदणीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव हवा असतो. लहान दवाखान्यांत पगार रोखीने आणि नेमणूक तोंडी असते. पाच वर्षे राबलेल्या परिचारिकेकडे तारखेचा एक कागद निघत नाही. ज्यांचे दवाखाने आहेत, किंवा जे एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहेत, त्यांनी आपल्या परिचारिकांना रुजू झाल्याच्या तारखेसह नेमणूकपत्र आणि दरमहा पगाराची पावती द्यावी. प्रवेशाची जाहिरात निघाल्यावर मागील तारखांचे कागद तयार करता येत नाहीत.